तक्रार करायची कशी? परवा पुन्हा त्याच बेडवर झोपायचंय (डायलिसिस सेंटर)

सीनाकाठ | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण हे विचारायला दुसरं कुणी नाही.

माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. पंचवीस वर्षांपासून शुगर, त्यात बीपी. गेले १४ महिने डायलिसिस चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एक सेंटर आहे. जनआरोग्य योजनेतून होतं, पैसे लागत नाहीत. सोम-बुध-शुक्र, दुसरी पाळी. सेंटर सुरू झालं तेव्हा आम्हाला देव पावल्यासारखं वाटलं होतं, कारण त्याआधीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा ५२ किलोमीटर जाऊन-येऊन करत होतो. तेव्हा मी जे लिहितेय ते उपकार विसरून लिहीत नाहीये, एवढं लक्षात घ्या.

पहिली गोष्ट शुक्रवारची. वजनकाटा बंद होता. टेक्निशियनने विचारलं, "काका, किती असेल?" बाबा म्हणाले, "साठ-एकसष्ट असेल." त्यावर त्याने साडेतीन लिटर पाणी काढायला लावलं. बाबांचं ड्राय वेट (जास्तीचं पाणी निघाल्यावरचं वजन) ५८ आहे. तिसऱ्या तासाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, बीपी ८० पर्यंत उतरलं, डोळे फिरवले. सलाइन सोडलं, पाय वर केले, मग सावरले. घरी आल्यावर आमच्या काट्यावर ५६.९ भरलं.

दुसरी आजची. मी बाबांच्या उशाशी उभी होते. टेक्निशियनने डायलायझर (रक्त गाळणारी नळकांडी) स्टँडला लावला आणि नळ्या जोडायला घेतल्या. (आमच्याकडे एकच डायलायझर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरतात.) मी सहज लेबल वाचलं. आडनाव आमचंच, पण पहिलं नाव वेगळं. त्या आडनावाचे आणखी एक काका आमच्याच पाळीत आहेत, चार बेड पलीकडे. मी म्हटलं, "दादा, हे नाव बाबांचं नाही." त्याने वाकून पाहिलं, "अरे हो की" म्हणाला, तो काढला आणि दुसरा आणला. दोन मिनिटांत काम पुन्हा सुरू. कुठे काही लिहिलं नाही. त्या काकांना तर कळलंही नसेल.

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "सगळ्यांदेखत बोलायला नको होतंस. त्या पोराच्या हातात माझा हात असतो."

त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. बुधवारी तोच मुलगा त्यांच्या फिस्टुलात (डायलिसिससाठी ऑपरेशनने तयार केलेल्या हाताच्या शिरेत) दोन सुया घालणार. तो मुद्दाम काही करेल असं नाही, पण मनात भीती बसते. आणि मॅनेजरने "पटत नसेल तर दुसरीकडे बघा" म्हटलं तर दुसरीकडे म्हणजे पुन्हा ५२ किलोमीटर.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे नीट कसं व्हायला हवं असतं? आणि बोलायचं असेल तर कुणाशी आणि कसं?

---

मशीन_नंबर_सात | सोमवार, रात्री ११.०५

ताई, मी नाशिकचा. स्वतः नऊ वर्षं मशीनवर आहे. आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं ते वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिलो. डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटच्या मनात ते असतं, कुणी बोलून दाखवत नाही.

पण तुम्ही बोललात ते शंभर टक्के बरोबर केलंत. दुसऱ्याच्या रक्ताचा डायलायझर लागणं ही साधी चूक नाही. ती माणसाला आयुष्यभराचा आजार लावू शकते.

मी काय करतो ते सांगतो. डायलायझर मशीनला लागण्याआधी मी तो हातात मागतो आणि नाव, तारीख, कितव्यांदा वापरतोय तो आकडा मोठ्याने वाचतो. पहिल्यांदा टेक्निशियन रागावले होते. आता तेच आणून धरतात, "वाचा काका" म्हणतात. सेंटरमध्ये नवीन मुलगा आला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे हात. एसी लागतो म्हणून सगळे शाल घेतात. घ्या, पण फिस्टुलाचा हात उघडा ठेवा. चार वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या बेडवरच्या आजींची व्हीनसची (रक्त शरीरात परत सोडणारी) सुई निसटली. मशीनचा अलार्म वाजलाच नाही. शालीखाली रक्त जात राहिलं आणि फरशीवर थेंब पडायला लागले तेव्हा सफाईच्या मावशींना दिसलं. पंप मिनिटाला दोन-अडीचशे मिली रक्त फिरवतो, म्हणजे शरीरातलं रक्त रिकामं व्हायला किती वेळ लागेल ते तुम्हीच बघा. आजी वाचल्या. तेव्हापासून आमच्या पाळीत कुणाचा हात झाकलेला दिसला की आम्ही पेशंटच एकमेकांना हाक मारतो.

---

वैनगंगा_टेक | मंगळवार, सकाळी ७.१०

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, ११ वर्षं झाली. पाळी सुरू व्हायच्या आधी लिहितोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. रियूज करणं यात स्वतःहून चूक काही नाही, देशभर चालतं. पण त्याचा एक क्रम आहे आणि त्यातली एकही पायरी गाळायची नसते. मशीन काढल्यावर डायलायझर आरओच्या पाण्याने धुवायचा. त्याच्या तंतूंत किती पाणी मावतं ते मोजायचं. नवा असताना जेवढं होतं त्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की फेकायचा, कितवी वेळ आहे ते बघायचं नाही. मग पेरासेटिक अॅसिड भरून ठेवायचा. पुढच्या पाळीला लावायच्या आधी सलाइनने ते पूर्ण धुऊन काढायचं आणि पट्टी बुडवून बघायचं की अॅसिड उरलेलं नाही. लेबलवर पूर्ण नाव, पेशंट नंबर, पहिल्या वापराची तारीख, रियूजचा आकडा आणि मोजलेली क्षमता असते. आडनाव सारखं असेल तर वेगळ्या रंगाची पट्टी लावतात. आमच्याकडे लाल लावतो. आणि लावताना दोघांनी वाचायचं, एक टेक्निशियन आणि दुसरी सिस्टर. पेशंट शुद्धीत असेल तर तिसरा तोच. हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटचा डायलायझर आम्ही रियूजला घेतच नाही.

आता आमची बाजू. ताई, समजून घ्याल म्हणून सांगतो. दोन पाळ्यांच्या मध्ये अर्धा तास मिळाला तर नशीब. तेवढ्यात सहा पेशंट काढायचे, सुयांच्या जागा दाबून धरायच्या, सहा मशीन पुसायच्या, डिसइन्फेक्शनला लावायच्या, चादरी बदलायच्या आणि सहा नवे पेशंट घ्यायचे. ते काम कधी दोघं करतात, कधी एकटा. दारात पुढच्या पाळीची माणसं उभी असतात, त्यांची एसटी असते. ज्या दिवशी एक जण सुट्टीवर असतो त्या दिवशी मी स्वतः हातमोजे न बदलता दुसऱ्या पेशंटकडे गेलेलो आहे. लाज वाटते हे लिहायला, पण गेलोय.

म्हणून बोलताना त्या मुलावर बोट ठेवू नका. "तू चुकलास" म्हटलं की तो स्वतःला वाचवायला लागतो. "एकाच आडनावाचे दोघे आहेत, लाल पट्टी लावाल का" म्हटलं की काम होतं. पण त्या दिवशी एका पाळीला माणसं किती होती हे मॅनेजरला नक्की विचारा.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी ९.३०

राग मानू नका, पण फुकट मिळतंय त्यात किती खोट काढायची? माझ्या मामांनी २००४ साली पुण्यात पैसे भरून डायलिसिस केलं. जमीन विकली, आठवड्यातून एकदाच परवडायचं, आठ महिन्यांत गेले. आज तालुक्याला सेंटर आहे. मुलं तुटपुंज्या पगारावर राबतात. अशा धाग्यांनी लोक घाबरतात आणि जायचं टाळतात.

---

मशीन_नंबर_सात | मंगळवार, सकाळी ९.५५

तुमच्या मामांचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पण योजनेचं डायलिसिस फुकट नसतं हो. प्रत्येक वेळचे पैसे सरकार त्या सेंटरला देतं आणि ते तुमच्या-आमच्या करातून येतात. पेशंटने खिशातून दिले नाहीत म्हणून त्याचं वजन करायचं नाही, असा कुठला हिशोब?

---

काणकोणची | मंगळवार, दुपारी २.१५

स्पष्टवक्ता, लोक घाबरतात हे तुमचं खरं. पण माझी आई घाबरली नाही, विश्वासाने गेली.

आई दक्षिण गोव्यातल्या एका सेंटरला जायची. डायलिसिस सुरू झालं तेव्हा हिपॅटायटिस सी निगेटिव्ह होती, रिपोर्ट घरी आहे. पंधराव्या महिन्यात पॉझिटिव्ह आली. मधल्या काळात रक्त दिलं नव्हतं, ऑपरेशन नव्हतं, दात काढला नव्हता. त्याच तीन महिन्यांत त्याच पाळीचे आणखी दोघे पॉझिटिव्ह आले. आम्हाला तोंडी सांगितलं, "बाहेरून कुठून तरी आला असेल."

कसा आला ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर मी रोज आईसोबत आत बसायला लागले तेव्हा जे दिसलं ते असं. हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) एकच बाटली सगळ्या बेडवर फिरायची. औषधाची ट्रॉली एका पेशंटजवळून दुसऱ्याकडे ढकलत न्यायचे. हातमोजे होते, पण त्याच हातमोज्यांनी मशीनची बटणं, मग पडदा, मग पुढच्या पेशंटचा हात.

आई बरी झाली. आता हिपॅटायटिस सीवर गोळ्या आहेत, बारा आठवड्यांचा कोर्स, डायलिसिसवर असलेल्यांनाही देतात. पण त्या बारा आठवड्यांत घरात तिने स्वतःचं ताट-वाटी वेगळं केलं होतं. जेवणातून हा आजार पसरत नाही हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, तरी केलं. नातवाला जवळ घेईना.

सीनाकाठ, बाबांच्या फाइलमध्ये शेवटची एचबीएस (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) आणि एचआयव्ही तपासणी कधीची आहे ते आजच बघा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर करून घ्या. कालचा तो डायलायझर लागला नव्हता, तरी आधी कधी लागला नसेल कशावरून? आणि हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का? किडनीच्या पेशंटला दुप्पट मात्रेची, चार वेळा देतात.

---

सीनाकाठ | मंगळवार, रात्री ९.४५

फाइल काढून बसले आहे. एचसीव्ही शेवटची ११ महिन्यांपूर्वी. हिपॅटायटिस बीचे दोन डोस झाले, तिसरा-चौथा दिसत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

फाइलमध्ये युरियाचे आकडे पण आहेत. डायलिसिसच्या आधी १४२, नंतर ५६. हे चांगलं का वाईट? कुणी सांगितलंच नाही कधी. आणि पाळी साडेअकरा ते साडेतीन आहे, पण बरेचदा तीन वाजून पाच-दहा मिनिटांनी काढतात. बाबांना बरंच वाटतं त्यात, लवकर सुटलो म्हणून.

---

माणदेशी_डॉ | मंगळवार, रात्री ११.३०

मी नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर) नाही, फिजिशियन आहे. आमच्या हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटची रोजची जबाबदारी माझ्याकडे असते. बाबांना तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो.

आधी युरिया. १४२ चा ५६ झाला म्हणजे ८६ ने उतरला. ८६ भागिले १४२, साधारण ६१ टक्के. हा आकडा किमान ६५ हवा. तुमच्या शेवटच्या ओळीत बहुधा त्याचं कारण आहे. चार तासांच्या जागी साडेतीन तास होत असतील तर रक्त तेवढं कमीच साफ होणार. लवकर सोडलं तर पेशंटला बरं वाटतं आणि सेंटरचीही सोय होते, म्हणून यावर कुणी तक्रार करत नाही. पण भूक न लागणं, अंगाला खाज, रात्री झोप न येणं हे हळूहळू त्यातूनच वाढतं. बाबांना हे होतंय का? फिस्टुलातून रक्त कमी येणं, डायलायझरचे तंतू बंद पडणं अशी दुसरी कारणंही असू शकतात, ती नेफ्रॉलॉजिस्ट बघतील.

आता शुक्रवार. तुमच्याच आकड्यांवरून करू. घरी ५६.९ भरलं, साडेतीन लिटर काढलं, म्हणजे ते साधारण ६०.४ वर आले होते. ड्राय वेट ५८. काढायचं होतं २.४ लिटर. काढलं त्यापेक्षा एक लिटरहून जास्त. गोळे येणार, बीपी पडणारच.

त्याशिवाय वेगाचा प्रश्न असतो, तो कुणी समजावून सांगत नाही. पाणी किती काढलं याइतकंच ते किती वेगाने काढलं हे महत्त्वाचं. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलीच्या वर जाऊ नये असं मानतात. ५८ किलोच्या माणसाला चार तासांत साधारण ३ लिटर ही मर्यादा झाली. साडेतीन लिटर म्हणजे १५ चा वेग. तोच साडेतीन तासांत काढला तर १७. प्रत्येक वेळी असं ओढलं की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि वर्षभरात ते पंपिंगवर दिसतं. बाबांना पंचवीस वर्षांची शुगर आहे, त्यांच्या हृदयाकडे ती चैन नाही.

आता एक घरासाठी. दोन पाळ्यांमध्ये वजन दोन-अडीच किलोच्या वर जाऊ देऊ नका. "पाणी कमी प्या" सांगून माणूस ऐकत नाही, कारण तहान मिठामुळे लागते. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, हॉटेलची भजी बंद केली की पाणी आपोआप कमी होतं. सोलापूरच्या माणसाला शेंगा चटणी सोड म्हणणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी पण सोडली नव्हती.

---

आरओ_काका | बुधवार, सकाळी ६.४०

वरच्या सगळ्यांना अनुमोदन. पण पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझी सगळी नोकरी पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर गेली, शेवटची सहा वर्षं हॉस्पिटलच्या आरओवर.

डायलिसिसमध्ये एका मिनिटाला अर्धा लिटर द्रव डायलायझरमधून जातो. चार तासांचा हिशोब करा, १२० लिटर. एका माणसाच्या रक्ताला पातळ पडद्याआडून एका वेळी एवढं पाणी लागतं. आपण तोंडाने पितो ते आधी आतड्यातून गाळून जातं, इथे मध्ये फक्त तो पडदा. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला काही करत नाही, पण तेच डायलिसिसच्या पाण्यात राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बन फिल्टरनंतर क्लोरीन रोज, खरं तर प्रत्येक पाळीआधी तपासायचं असतं. पट्टी असते, पाच मिनिटांचं काम. जंतूंची तपासणी महिन्याला.

माझा जीव टांगणीला लागतो तो एप्रिल-मेमध्ये. तुमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरचं पाणी रोज वेगळं, आज विहिरीचं, उद्या धरणाच्या तळाचं. ब्राझीलमध्ये कारुआरू नावाचं शहर आहे. तिथे १९९६ साली दुष्काळात एका डायलिसिस सेंटरला धरणाचं पाणी ट्रकने आणून दिलं. ते पाणी नीट शुद्ध केलेलं नव्हतं. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. पेशंटना मशीनवरच उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, मग लिव्हर गेलं. पन्नासावर माणसं दगावली. पाणी दिसायला वाईट नव्हतं.

तुमच्या सेंटरमध्ये आरओच्या खोलीबाहेर एक रजिस्टर लटकत असायला हवं. तारीख, वेळ, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), क्लोरीन, सही. ते आहे का बघा. आणि असेल तर सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत केल्यासारख्या वाटतात का तेही बघा. मला तेवढ्यावरून प्लांट कळायचा.

---

हडसनपार | बुधवार, सकाळी ८.०५

मी न्यू जर्सीत डायलिसिस नर्स आहे, मूळची सांगलीची. इथे १९७२ च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा डायलिसिसचा खर्च मेडिकेअरकडे (सरकारी आरोग्य विम्याकडे) आला, वय काहीही असो. त्याबरोबर पुढे तपासणीही आली. प्रत्येक सेंटरचे आकडे सरकार वेबसाइटवर टाकतं, तारे देतं. तक्रार केली म्हणून पेशंटशी वागणूक बदलता येत नाही, हे नियमात लिहिलेलं आहे.

तरी खरं सांगते, इथेही पेशंट घाबरतात. माझ्याकडे एक आजोबा होते, सुई दोनदा चुकली तरी "थँक यू" म्हणायचे. त्यांच्या मुलीने मला वेगळं गाठून सांगितलं की ते आदल्या रात्री झोपत नाहीत. त्यानंतर मी त्यांना आधी विचारायला लागले, "आज कुठल्या जागी घेऊ?" सुईची जागा त्यांनी दाखवायची. एवढ्यावर त्यांची झोप परत आली.

बाबांना त्यांचं मत विचारायची सवय तिथल्या मुलांना लागली तर पुष्कळ होईल.

---

पिशवीवाली | बुधवार, दुपारी १.३०

थोडं विषयांतर, पण ५२ किलोमीटर वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझ्या सासऱ्यांचं घरीच पोटाचं डायलिसिस चालतं, सीएपीडी. दोन लिटरची पिशवी, दिवसातून तीनदा बदलायची. फिस्टुला नाही, सेंटर नाही. हात आणि खोलीची स्वच्छता मात्र देवघरासारखी पाळावी लागते, नाहीतर पोटात इन्फेक्शन होतं. आम्हाला दोन वर्षांत एकदा झालं. सगळ्यांना चालत नाही, पण पर्याय आहे हे आम्हालासुद्धा कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. नेफ्रो सरांना एकदा विचारून ठेवा.

---

वैनगंगा_टेक | बुधवार, रात्री ८.५०

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं राहिलंच होतं. आधी सेंटर इन्चार्जला किंवा नेफ्रो सरांना भेटा, सर येतात त्या दिवशी. एक अर्ज लिहून न्या, एक पानाच्या वर नको, आणि पोच घ्या. केसपेपर आणि डायलिसिस चार्टच्या प्रती मागा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तिथे नाहीच ऐकलं तर योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्येच बसतो, त्याच्याकडे लेखी द्या. त्यापुढे योजनेची हेल्पलाइन, १५५३८८. शक्यतो त्या पाळीतल्या दोन-चार नातेवाइकांनी मिळून जा. एकट्याची तक्रार असली की ती "त्या बाई" होतात, चौघांची असली की बैठक होते.

---

सीनाकाठ | बारा दिवसांनी, सोमवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काय झालं ते सांगते.

त्या दुसऱ्या काकांच्या घरी गेले होते आधी. त्यांच्या सुनेला डायलायझरचं सांगितलं. तिचा चेहराच उतरला. ती म्हणाली, महिन्यापूर्वी काकांना मशीनवर घेतल्या घेतल्या हुडहुडी भरली होती, तेव्हा "ताप असेल" म्हणाले होते. त्याचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही, आता कळायला मार्गही नाही. पण ती माझ्यासोबत यायला तयार झाली. आणखी दोघं आली. शनिवारी नेफ्रो सर सोलापूरहून येतात, तेव्हा चौघं भेटलो.

मी वहीत लिहून नेलं होतं. वजन, वेळ, युरिया, लेबल, तपासण्या, पाणी. त्या मुलाचं नाव घेतलं नाही. युरियाचा ६१ टक्क्यांचा हिशोब दाखवला तेव्हा सरांनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि इन्चार्जना बोलावलं. आमच्यासमोर फार काही बोलले नाहीत. पण त्याच दिवशी बाबांच्या चार्टवर लाल शाईने "पूर्ण ४ तास" असं लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात वजनकाटा दुरुस्त होऊन आला. आता तो दाराशीच ठेवलाय, त्यावर उभं राहिल्याशिवाय आत जाता येत नाही. एचसीव्हीसाठी सगळ्या पाळीचं रक्त घेतलं. बाबांचं निगेटिव्ह. तो कागद हातात येईपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लसीचं पुन्हा ठरवून देणार आहेत.

सगळं झालं असं नाही. चार तासांवरून रोज ओढाताण होते. तिसऱ्या पाळीतले लोक दारात उभे राहून घड्याळ बघतात, त्यांचंही बरोबर आहे, त्यांची शेवटची एसटी साडेआठची. माणसं वाढवायचं "वर कळवलंय". आणि तो मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बुधवारी मात्र असं झालं. मी पाणी आणायला बाहेर गेले होते. परत आले तर बाबा डायलायझर हातात घेऊन, चष्मा कपाळावर ढकलून, लेबल अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तारीख. "सहावी वेळ." तो मुलगा समोर उभा होता, हातमोजे घालत. वाचून झाल्यावर बाबांनी डायलायझर त्याच्याकडे दिला आणि मग हात पुढे केला. त्याने विचारलं, "आज वरच्या जागी घेऊ का काका? खालची सुजलीय." बाबा म्हणाले, "घे."

त्या काकांच्या डायलायझरला आता लाल पट्टी आहे.

---

आरओ_काका | सोमवार, रात्री ९.४०

फार बरं वाटलं वाचून. पाण्याचं रजिस्टर?

---

सीनाकाठ | सोमवार, रात्री ९.५२

रजिस्टर आहे काका. टीडीएसचे आकडे रोजचे आहेत, वेगवेगळ्या सह्या आहेत. क्लोरीनचा रकाना गेल्या महिन्याच्या ९ तारखेपासून रिकामा आहे. विचारलं तर पट्ट्या संपल्यात म्हणाले, मागवल्यात. परवा पुन्हा विचारते.